त्रिकोणी पाटी आणि तिचे वारस

काळ्या नायलॉनच्या बॅगेवर पुढच्या बाजूला दोन बोटं रुंदीची एक त्रिकोणी पाटी बसवलेली असते. टोक खाली. काळ्या इनॅमलवर धातूची अक्षरं: प्राडा, मिलानो, १९१३ पासून. फॅशनशी ज्यांचं काही देणंघेणं नाही त्यांनीही ही पाटी पाहिलेली असते, कारण तिच्या नकला मुंबईच्या फॅशन स्ट्रीटपासून बँकॉकच्या बाजारापर्यंत टांगलेल्या असतात. नकली मालात कापड वेगळं असतं, शिवण वेडीवाकडी असते, चेन दुसऱ्या दिवशी अडकते. पाटी मात्र न चुकता असते. गिऱ्हाईक नेमके कशाचे पैसे मोजतं हे नक्कल करणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

घराण्याच्या धंद्यात वारसाच्या वाट्याला काय काय येतं? दुकान येतं, उधारीच्या वह्या येतात, जुने कारागीर येतात, ‘तुमचे आजोबा असते तर’ असं सुरू होणारी वाक्यं येतात. मिलानच्या प्राडा घराण्यातही हे सगळं आलं असणारच. पण १९७८च्या सुमारास तिशीच्या उंबरठ्यावरच्या मिउच्चा प्राडांकडे आईकडून दुकान आलं, तेव्हा त्यातली खरी टिकाऊ चीज एकच होती: आजोबांच्या ट्रंकांवरची ही पाटी. तिच्याखाली कोणता माल ठेवायचा हे प्रत्येक वारसानं आपापल्या परीनं ठरवलं. या घराण्याचा इतिहास मला तरी बॅगांपेक्षा त्या ठरवाठरवीतच जास्त दिसतो. आणि त्यातला अगदी अलीकडचा प्रसंग थेट कोल्हापूरच्या चप्पल लाईनीपर्यंत येऊन पोचला, म्हणून हा मागोवा.

सुरुवात १९१३ची. मारिओ प्राडा आणि त्यांचे भाऊ मार्तिनो यांनी मिलानच्या गॅलेरिया व्हिट्टोरिओ इमॅन्युएलेमध्ये ‘फ्रातेल्ली प्राडा’, म्हणजे प्राडा बंधू, या नावानं दुकान थाटलं. ही गॅलेरिया म्हणजे काचेच्या उंच छपराखालचा बाजार. एका तोंडाला मिलानचं कॅथेड्रल, दुसऱ्या बाजूनं बाहेर पडलं की ला स्काला हे ऑपेराचं थिएटर. पैसेवाल्यांची पावलं आपसूक वळतील अशी मोक्याची जागा. दुकानात चामड्याच्या बॅगा, इंग्लंडहून आणलेल्या जहाजी ट्रंका, प्रसाधनाच्या पेट्या. कासवाची पाठ, हस्तिदंत, स्फटिक असल्या मालमसाल्याची कलाकुसर. वॉलरसच्या जाड कातड्याच्या ट्रंकाही त्यात होत्या. प्रवास आगबोटीनं किंवा रेल्वेनं होणार आणि सामान उचलायला हमाल असणारच, हे गृहीत धरून केलेला सगळा कारभार.

१९१९ साली प्राडा इटलीच्या राजघराण्याचे अधिकृत पुरवठादार झाले. त्याबरोबर सॅव्हॉय घराण्याची ढाल आणि गाठी मारलेला दोर ही चिन्हं आपल्या नावासोबत वापरायची मुभा मिळाली. पाटीला वजन आलं ते इथून. पुढे २७ वर्षांनी, जून १९४६च्या सार्वमतात इटलीच्या जनतेनं राजेशाहीच निकालात काढली. राजा देश सोडून गेला. ढाल आणि दोर दुकानदाराकडे राहिले, ते आजही आहेत.

मारिओंचं ठाम मत होतं की बायकांनी धंद्यात पडू नये. घरातल्या बायकांना त्यांनी दुकानापासून लांबच ठेवलं. पण नशीब असं की मुलाला त्या धंद्यात काडीचा रस नव्हता. १९५८ साली मारिओ गेले आणि ज्या मुलीला गल्ल्यापाशी येऊ द्यायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, त्या लुइझाच गल्ल्यावर बसल्या. वीसएक वर्षं त्यांनी दुकान चालवलं. फॅशनच्या इतिहासात लुइझांना एखाद्या ओळीपेक्षा जास्त जागा मिळत नाही, आणि ते मला खटकतं. विमानप्रवास सुरू झाला होता, जड ट्रंका कुणाला नको होत्या, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या मिलानमध्ये चव आणि खिसा दोन्ही बदलले होते. अशा वेळी दुकान बंद न पडू देणं हीच कर्तबगारी असते. फक्त ती फोटोत दिसत नाही.

लुइझांची मुलगी १९४९ची. जन्मनाव मारिया बिआंकी. प्राडा हे तिच्या आईचं माहेरचं आडनाव, त्यामुळे वंशावळीच्या हिशेबानं पाटीवरचं नाव तिचं नव्हतंच. ते मिळवण्यासाठी काय केलं हे वाचताना मराठी वाचकाला अजिबात आश्चर्य वाटणार नाही. ऐंशीच्या दशकात आईच्या अविवाहित बहिणीनं या भाचीला रीतसर दत्तक घेतलं आणि ती कायद्यानं मिउच्चा प्राडा झाली. गादी चालावी म्हणून दत्तक घ्यायची रीत आपल्या संस्थानांना नवी नाही. कागलच्या घाटग्यांचा यशवंतराव १८८४ साली असाच दत्तक जाऊन कोल्हापूरचा शाहू छत्रपती झाला. मिलानमध्ये गादीच्या जागी दुकान होतं एवढाच फरक. आणखी एक गंमत अशी की दत्तकविधान झालं तेव्हा या बाई ते दुकान कित्येक वर्षं चालवत होत्या. काम आधी हाती आलं, नाव मागाहून.

दुकानात येण्याआधीचं त्यांचं आयुष्य बघितलं तर कुणी म्हणणार नाही की ही मुलगी श्रीमंतांना बॅगा विकेल. मिलानमध्ये राज्यशास्त्राचं उच्च शिक्षण. पिकोलो तेआत्रो या नावाजलेल्या नाट्यसंस्थेत मूकाभिनयाची काही वर्षांची तालीम. सत्तरच्या दशकात इटलीच्या कम्युनिस्ट पक्षाचं सभासदत्व, स्त्रियांच्या हक्कांसाठी मोर्चे. मोर्च्यातसुद्धा त्या साँ लोराँचे उंची कपडे घालून जात, असं त्यांच्याबद्दल कायम लिहिलं जातं. फॅशनच्या धंद्यात शिरताना आपल्याला लाज वाटत होती, डाव्या विचारांच्या स्त्रीमुक्तिवादी बाईला यापेक्षा वाईट जागा नव्हती, असं त्यांनी पुढे मुलाखतींतून मोकळेपणानं सांगितलं आहे. म्हणजे कम्युनिस्ट पक्षाच्या सभासद बाईच्या हाती राजघराण्याची ढाल असलेली पाटी आली. तिचं करायचं काय?

याच सुमारास मिलानमधल्या एका व्यापारी मेळ्यात त्यांना पात्रित्झिओ बर्तेल्ली भेटले. टस्कनीतल्या आरेझ्झोचे, चामड्याच्या मालाचा स्वतःचा कारखाना असलेले, तापट आणि महत्त्वाकांक्षी गृहस्थ. वारंवार छापून आलेली कथा अशी की बर्तेल्लींच्या गाळ्यावर प्राडाच्या बॅगांसारख्याच स्वस्त बॅगा मांडलेल्या होत्या आणि मिउच्चाबाई तिथं त्यांना जाब विचारायला गेल्या. खरंखोटं त्या दोघांना माहीत. पुढे त्यांनीच प्राडाचा माल बनवायला घेतला, १९८७ साली दोघांनी लग्न केलं, आणि धंद्याची सूत्रं बर्तेल्लींकडे तर काय बनवायचं ते मिउच्चांकडे अशी वाटणी झाली. नकलेच्या संशयातून सुरू झालेली ही भागीदारी लक्षात ठेवावी; पुढे कोल्हापूरला पोचल्यावर ती आठवते.

आता नायलॉन. प्राडाचं सगळं नशीब ज्या कापडावर फिरलं त्याची कहाणी जरा तपशिलात सांगायला हवी.

नायलॉन १९३५ साली अमेरिकेतल्या ड्युपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत जन्मलं. आधी त्याचे बायकांचे पायमोजे झाले, मग युद्ध लागल्यावर हवाई छत्र्या आणि दोरखंड. युद्ध संपल्यावर नायलॉन सगळीकडे पोचलं आणि स्वस्त झालं. सत्तरच्या दशकात नायलॉनची बॅग म्हणजे शाळकरी पोरांची, फिरस्त्यांची, फार तर जिममध्ये न्यायची. चामडं हे ऐपतीचं लक्षण आणि नायलॉन हे त्याच्या बरोबर उलट. दोन्हींच्या मधे जायला वाट नव्हती.

मिउच्चाबाईंनी निवडलं ते पोकोनो नावाचं, सैन्याच्या कामाला येणाऱ्या जातीचं घट्ट विणीचं कापड. आजोबांच्या ट्रंकांवर घालायच्या खोळी अशाच चिवट कापडाच्या असायच्या, असं सांगतात. कथा छान आहे, आणि थोडी जास्तच छान आहे. घराण्याच्या गोष्टी तशा असतात. पण त्यातला विचार मात्र कामातून स्पष्ट दिसतो. आजवर जे मौल्यवान वस्तूच्या संरक्षणाला वापरलं जाई, तेच कापड त्यांनी वस्तू म्हणून पुढे केलं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस पहिल्या नायलॉनच्या बॅगा आल्या. कुणी विचारलं नाही. जाहिरात नव्हती, किंमत मात्र चामड्याच्या तोडीची. एवढे पैसे देऊन नायलॉन का घ्यायचं, हा प्रश्न गिऱ्हाइकाला पडणं अगदी रास्त होतं.

१९८४च्या सुमारास ‘व्हेला’ नावाची पाठीवरची बॅग आली. ती हातात घेऊन पाहिली तर तिची करामत कळते. वरचं तोंड नाडीनं आवळायचं, त्यावर झापड, पुढे खिसे, चामड्याचे बारीक पट्टे आणि बकल. घडण तशी ट्रेकिंगच्या सॅकची. पण कापड पाण्यासारखं सुळसुळीत, उजेडात जरा रेशमासारखं चमकणारं, आणि वजन जवळजवळ नाहीच. आजोबांची ट्रंक हमालाच्या डोक्यावर शोभायची. नातीची बॅग जी बाई वापरते तिच्याच पाठीवर असते आणि तिचे दोन्ही हात मोकळे असतात. नोकरीला जाणाऱ्या, विमानानं फिरणाऱ्या बाईला असं काही हवं आहे हे त्या काळी चामड्याच्या कुठल्याही जुन्या पेढीला सुचलं नव्हतं. स्त्रीमुक्तीच्या मोर्च्यांतून बाई दुकानात आली ती रिकाम्या हातानं आली नव्हती, असं म्हणायला हरकत नाही.

आणि मग पाटी. या बॅगेवर मोठी अक्षरं नाहीत, कापडभर छापलेली आद्याक्षरं नाहीत. ऐंशीचं दशक म्हणजे नाव मिरवण्याचा काळ. दुसरी घराणी आपली आद्याक्षरं बॅगेच्या इंचाइंचावर छापत होती. मिउच्चांनी आजोबांच्या ट्रंकेवरची त्रिकोणी पाटी उचलली आणि काळ्या कापडावर काळ्याच रंगात बसवली. लांबून दिसू नये, पण ओळखणाऱ्याला चुकू नये. ट्रंकेवर होती तेव्हा ती फक्त ‘हा माल अमक्यांचा’ असं सांगायची. नायलॉनवर आल्यावर ती एक दावा करू लागली: खालचं कापड कितीही साधं असो, वर आम्ही आहोत ना. स्वस्त वस्तूला महाग करायची ही किमया साधली, आणि त्या दिवसापासून पाटी मालापासून सुटी झाली. मी याला अप्रामाणिकपणा म्हणणार नाही, कारण ती बॅग खरोखर उत्तम शिवलेली होती, विणलेलीही. पण पाटीला एकदा आपल्या पायावर उभं राहता येतं म्हटल्यावर तिच्याखाली काहीही येऊ शकतं, हे खरं. फॅशन स्ट्रीटवाल्यांनाही ते तेव्हाच कळलं.

पुढची पंधरा वर्षं भराभर सांगून टाकतो. १९८८मध्ये बायकांच्या तयार कपड्यांचा पहिला संग्रह. १९९३च्या सुमारास ‘मिउ मिउ’ ही दुसरी पेढी. मिउच्चांचं हे घरातलं लाडाचं नाव. त्याच काळात समकालीन कलेसाठीची संस्था, जी आज फोंदाझिओने प्राडा म्हणून ओळखली जाते. १९९६च्या उन्हाळी कपड्यांत त्यांनी मुद्दाम कुरूप रंग आणले: शेवाळी, मातकट, पन्नास वर्षांपूर्वीच्या स्वयंपाकघरातल्या पडद्यांवर असतात तसल्या नक्ष्या. समीक्षकांनी आधी नाकं मुरडली आणि मग तीच फॅशन झाली. सुंदर दिसण्याची सक्ती बाईवर का, हा जुना प्रश्न त्यांनी असा कपड्यांतून विचारला, असं मानायला जागा आहे.

बर्तेल्लींना मात्र साम्राज्य हवं होतं. १९९९ साली त्यांनी जर्मन डिझायनर यिल झांडर यांच्या आणि हेल्मुट लांग यांच्या, अशा दोन्ही पेढ्यांवर ताबा मिळवला. फ्रान्सच्या एलव्हीएमएच समूहाबरोबर फेंडीतही हिस्सा घेतला. म्हणजे आता दुसऱ्यांच्या पाट्या विकत घ्यायचा सपाटा. झालं काय? काही महिन्यांतच यिल झांडर स्वतःच्याच नावाच्या कंपनीतून बाहेर पडल्या. परत आल्या, परत गेल्या. लांगही २००५मध्ये निघून गेले. नाव मालकाकडे राहिलं आणि नावाचा माणूस दाराबाहेर. फेंडीचा हिस्सा २००१मध्येच विकावा लागला होता, कर्जाचा डोंगर झाला होता, आणि २००६मध्ये प्राडानं झांडर आणि लांग या दोन्ही पेढ्या विकून टाकल्या. शेअर बाजारात उतरायचा बेत पुन्हा पुन्हा पुढे ढकलत अखेर जून २०११मध्ये कंपनी हाँगकाँगच्या बाजारात नोंदली गेली. तरीही सुमारे ८० टक्के हिस्सा कुटुंबाकडेच ठेवला. त्याच इटलीत गुच्ची घराणं भांडणात स्वतःच्या कंपनीतून कायमचं बाहेर फेकलं गेलं होतं; प्राडांनी ती चूक केली नाही.

या धामधुमीत २०१० साली एक छोटा उपक्रम झाला, ज्याकडे तेव्हा कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही. ‘प्राडा मेड इन’ असं त्याचं नाव. स्कॉटलंडचे किल्ट, पेरूच्या अल्पाका लोकरीची वीण, जपानचं डेनिम आणि भारताचं चिकनकाम. जिथली कला तिथंच माल बनवून घ्यायचा आणि देशाचं नाव लेबलवर प्राडाच्या नावाला जोडून छापायचं. ‘प्राडा, मेड इन इंडिया.’ पाटीच्या शंभरेक वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदाच तिनं थोडं सरकून दुसऱ्या नावाला जागा दिली होती. कसं करायचं हे या घराण्याला माहीत होतं, एवढ्यासाठीच हे इथं नोंदवतो.

आता चौथी पिढी. मिउच्चा आणि पात्रित्झिओ यांचा थोरला मुलगा लोरेन्झो बर्तेल्ली, जन्म १९८८. मिलानमध्ये तत्त्वज्ञान शिकला आणि मग मोटारींच्या रॅलीत उतरला. जागतिक रॅली स्पर्धेत बरीच वर्षं फोर्डच्या गाडीत बसून चिखल-बर्फातून धावला. २०१७ साली कंपनीत आला तो डिजिटल विभागातून. मग मार्केटिंग, मग कंपनीच्या सामाजिक जबाबदारीचं खातं, २०२१मध्ये संचालक मंडळ. दरम्यान आईनं २०२०मध्ये बेल्जियमच्या राफ सिमोन्स यांना बरोबरीच्या नात्यानं सर्जनाच्या कामात घेतलं. २०२३मध्ये आंद्रेआ गुएर्रा हे घराबाहेरचे गृहस्थ मुख्य कार्यकारी झाले. गादी मुलाकडे जाईपर्यंत मधला काळ सांभाळायला आणलेला कारभारी, असंच सगळ्यांनी मानलं आणि कुटुंबानंही ते लपवलं नाही. मारिओंच्या वेळी बायकांना मज्जाव होता, पणतवाला मात्र रस्ता आखून ठेवलेला. २०१९मध्ये प्राडानं जुनी मासेमारीची जाळी आणि टाकाऊ प्लास्टिक वितळवून पुन्हा कातलेलं नायलॉन आणलं. आईनं श्रीमंत केलेलं कापड मुलाच्या पिढीत शहाणंही झालं. पाटी तीच.

२२ जून २०२५ रोजी मिलानमध्ये पुरुषांच्या २०२६च्या उन्हाळी कपड्यांचा शो झाला. काही पोरांच्या पायांत सपाट चामडी चपला होत्या: अंगठ्याला कडं, मधून गेलेला पट्टा, उघडी टाच. प्राडाच्या माहितीत त्यांचा उल्लेख केवळ ‘चामड्याच्या सॅंडल’ असा. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि पलीकडे बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर या आठ जिल्ह्यांतल्या कुणालाही त्या चपलेचं नाव सांगायला तज्ज्ञ लागला नाही. या आठही जिल्ह्यांना कोल्हापुरी चपलेचं भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, तेही महाराष्ट्र आणि कर्नाटक या एरवी बेळगावावरून भांडणाऱ्या दोन राज्यांना मिळून.

कोल्हापुरी कशी बनते ते थोडक्यात सांगायला हवं, म्हणजे राग का आला ते कळेल. कातडं रसायनात न बुडवता बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावतात. त्याला कित्येक दिवस लागतात. तळ कापतात, दोन थर जोडतात, कडेनं चामड्याच्याच वादीनं शिवतात. खिळा नाही. दोन्ही बाजूंना कान, मधे पट्टा, अंगठ्याचं कडं, आणि वरची वेणी, जी बहुधा घरातल्या बायका घालतात. नवी चप्पल तेल पिऊन पायाला बसायला वेळ घेते. कापशी, कुरुंदवाडी अशी गावांची नावं तिच्या प्रकारांना आहेत. पण शिवणाऱ्याचं नाव? ते कुठेच नसतं. चांगली जोडी चप्पल लाईनीत हजार-दोन हजारांत मिळते, तिच्यावर कोणतीही पाटी नसते, आणि ती बनवणारा चर्मकार समाज पिढ्यान्‌पिढ्या गावाच्या पायाशी ठेवला गेला. घराण्याचा धंदा इथंही आहे. बापाकडून मुलाकडे हत्यारं येतात, रापी येते, हिरड्याचं प्रमाण येतं. फक्त नाव येत नाही. मिउच्चांना दत्तक जाऊन जे मिळवता आलं ते इथं द्यायलाच कुणाकडे नव्हतं.

समाजमाध्यमांवर गदारोळ उठला. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सनं प्राडाला पत्र लिहिलं. उत्तर आलं ते लोरेन्झोच्या सहीचं, सामाजिक जबाबदारीचे प्रमुख या नात्यानं. या चपला भारतातल्या शतकांच्या परंपरेच्या हस्तकलेवरून स्फुरल्या आहेत हे मान्य. अजून त्या विक्रीला काढायचं ठरलेलं नाही. स्थानिक कारागिरांशी बोलायची तयारी आहे, असा त्याचा मतलब. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, ती जुलैत फेटाळली गेली: मानांकनाचे नोंदणीकृत धारक स्वतः दाद मागू शकतात, इतरांनी त्यांच्या नावानं यायचं कारण नाही. त्याच महिन्यात प्राडाची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटून गेली.

माझ्या मते मूळ चूक नकलेची नव्हती. आकार कुणाच्या मालकीचे नसतात. कोल्हापुरी चपलेची नक्कल रेक्झिनमध्ये करून आपलेच व्यापारी वर्षानुवर्षं विकत आले आहेत आणि त्यावर एवढा आवाज कधी उठला नाही, हेही मान्य करायला हवं. चूक पाटीची होती. ज्या घराण्यानं आजोबांच्या दुकानाचं साल आणि गाव इंचभर जागेत शंभर वर्षं सांभाळलं, मोडलेल्या राजवटीची ढालसुद्धा खाली उतरवली नाही, त्याला दुसऱ्याच्या मालावर गावाचं नाव लिहायची आठवण राहू नये? आणि २०१०मध्ये ती आठवण राहिली असताना? एखाद्या नवख्या कंपनीला हे माफ करता आलं असतं.

डिसेंबर २०२५च्या पहिल्या पंधरवड्यात लोरेन्झोच्या टेबलावर दोन कागद आले, आणि वारस म्हणून त्याची पहिली खरी परीक्षा याच दोन कागदांत आहे असं मला वाटतं. २ डिसेंबरला प्राडानं व्हर्साचे ही पेढी १.२५ अब्ज युरोंना विकत घेण्याचा व्यवहार पूर्ण केला आणि तिथल्या कार्यकारी अध्यक्षपदासाठी लोरेन्झोचं नाव पुढे आलं. व्हर्साचेची सुरुवात १९७८ची, मिउच्चांनी दुकान हाती घेतलं त्याच सुमाराची. १९९७मध्ये संस्थापक जान्नींचा मायामीत खून झाला, बहीण दोनातेल्लांनी पेढी सांभाळली, २०१८मध्ये ती अमेरिकी समूहाला विकली आणि मार्च २०२५मध्ये दोनातेल्लाही सर्जनाच्या प्रमुखपदावरून बाजूला झाल्या. म्हणजे बापानं झांडर आणि लांग यांच्याबाबतीत जे केलं तेच मुलापुढे वाढून ठेवलेलं: पाटी हातात आहे, तिच्या घराण्याचं कुणी सुकाणूवर नाही.

दुसरा कागद ११ डिसेंबरचा, मुंबईतला. महाराष्ट्राचं संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आणि कर्नाटकाचं चर्मोद्योग महामंडळ यांच्याबरोबर प्राडाचा सामंजस्य करार. सुमारे २,००० जोड या दोन राज्यांतल्या कारागिरांकडून बनवून घ्यायचे, किंमत साधारण ८०० युरो, म्हणजे ८० हजार रुपयांहून जास्त, आणि फेब्रुवारी २०२६पासून जगभरातल्या ४० दुकानांत ठेवायचे असं जाहीर झालं. कारागिरांच्या प्रशिक्षणाचाही त्यात समावेश. उपक्रमाच्या नावात ‘प्राडा मेड इन इंडिया’ हे पंधरा वर्षांपूर्वीचं लेबल परत आलं, आणि जोडीला ‘कोल्हापुरी चपलांवरून प्रेरित’ असे शब्द.

हे ‘प्रेरित’ प्रकरण मला अजून पटलेलं नाही. त्या आठ जिल्ह्यांत, तिथल्याच कारागिरानं, वादीनं शिवलेली चप्पल प्रेरित कशी? ती कोल्हापुरीच. मानांकनाचं नाव वापरायचं तर नोंदवलेल्या पद्धतीनंच माल बनवावा लागतो आणि प्राडा त्यात स्वतःची तंत्रं मिसळणार आहे, तेव्हा हा शब्द बहुधा कायद्याच्या सोयीसाठी आला असावा. तरीही ८०० युरोंपैकी किती शिवणाऱ्याच्या हाती पडणार, आणि खोक्यावर त्याच्या गावाचं नाव छापणार की नाही, हे दोन प्रश्न दोन्ही महामंडळांनी करार नूतनीकरणाला येण्याआधी लेखी विचारायला हवेत. प्राडाला त्यांचं उत्तर अवघड जाऊ नये. गाव आणि साल कुठं आणि कसं लिहायचं याचा एकशेबारा वर्षांचा सराव आहे त्यांना.